शिडाच्या बोटीला नवी शिडं शिवून घेताना

शीड फाटलं की बदलायचं, हा हिशोब बहुतेक बोटमालकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. फाटलं नाही म्हणजे चांगलं, आणि वर पांढरंशुभ्र दिसत असेल तर उत्तमच. प्रत्यक्षात शीड फाटण्याच्या कितीतरी आधी कामातून गेलेलं असतं. बोट पूर्वीपेक्षा जास्त कलायला लागते, वाऱ्याकडे तोंड करून चढत नाही, सुकाणू जड लागतं. मालक मात्र तळाला चिकटलेल्या शेवाळाला दोष देत राहतो.

हा लेख २५ ते ३५ फुटांच्या, हौसेने चालवायच्या बोटींसाठी आहे. शर्यतीच्या छोट्या बोटींचं गणित वेगळं. नेत्रा कुमानन आणि विष्णू सरवणन ज्या आयएलसीए बोटींवर ऑलिंपिकला उतरले, तिथे मान्यताप्राप्त उत्पादकाचंच शीड लावावं लागतं. निवडीला वावच नसतो. आपल्या बोटीचं तसं नाही. इथे कापड, काप, मापं, बारीकसारीक जोडण्या सगळं तुम्हालाच ठरवायचं असतं, आणि पैसे बऱ्यापैकी जातात. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: लोक कापडाच्या नावावर जितका वेळ घालवतात, त्याच्या निम्माही मापांवर घालवत नाहीत, आणि पैसे वाया जातात ते तिथेच.

आधी शीड नेमकं काय करतं ते पाहू. वारा मागून येत असेल तर शीड तो अडवतं आणि बोट ढकलली जाते. या कामाला जुनं, ढगळ शीडही चालून जातं. खरी कसोटी लागते ती वाऱ्याविरुद्ध तिरकं चढताना. तेव्हा काम करतं ते विमानाच्या पंखाचंच तत्त्व. शिडाच्या दोन्ही अंगांनी वाहणारी हवा वळते, आतल्या बाजूला दाब वाढतो, बाहेरच्या बाजूला घटतो, आणि या फरकातून जोर तयार होतो. हा जोर शिडाच्या पृष्ठभागाला साधारण काटकोनात लागतो. आता शिडाची गोलाई डोळ्यांसमोर आणा. पुढच्या भागातला जोर काहीसा पुढे झुकलेला असतो, त्याने बोट पुढे जाते. मागच्या भागातला जोर जवळजवळ आडवा असतो, त्याने बोट नुसती कलते. म्हणून फुगीरपणा किती आणि तो कुठे, या दोन गोष्टींवर शिडाचं सगळं मोल ठरतं.

मेनसेल म्हणजे डोलकाठीमागचं मोठं शीड. त्याची खोली रुंदीच्या १० ते १४ टक्के असावी आणि सगळ्यात खोल जागा पुढच्या कडेपासून ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी. जुन्या शिडात ही खोली १७-१८ टक्क्यांवर जाते आणि खोल जागा मागे सरकते. पुढे नेणारा जोर कमी, कलवणारा जास्त. सुकाणू जड होतं ते याच कारणाने.

हे मोजता येतं आणि त्याला खर्च काही नाही. मध्यम वाऱ्यात, वाऱ्याकडे चढत असताना, बूमच्या, म्हणजे मेनसेलची खालची कड धरणाऱ्या आडव्या दांड्याच्या, मध्याखाली बसून फोन सरळ वर धरा आणि शिडाचा फोटो काढा. शिडावर आडवी गडद पट्टी असेल तर ती, नसेल तर निम्म्या उंचीवरची आडवी शिवण फोटोत स्पष्ट यायला हवी. मग घरी त्या पट्टीचं पुढचं टोक आणि मागचं टोक सरळ रेषेने जोडा. रेषा पडद्यावर १०० मिलिमीटर भरली आणि पट्टीचा पोट सुटलेला भाग तिच्यापासून १७ मिलिमीटर दूर गेला, तर खोली १७ टक्के. ती जागा पुढून ५५ मिलिमीटरवर असेल तर पोट मागे गेलंय. नवं शीड घ्यायचं की नाही, याचा निर्णय त्या एका फोटोवर करता येतो.

यातून फरक किती पडतो? हिवाळ्यात गोव्याहून मुंबईला बोट आणणारे जाणतात की दुपारनंतरचा खारा वारा वायव्येकडून, म्हणजे जवळजवळ नाकासमोरून येतो. बोट वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन ठेवून चढू शकली तर वारा येतो त्या दिशेने ४० सागरी मैल गाठायला नागमोडी वाटेने सुमारे साडेछप्पन्न मैल कापावे लागतात. शीड ढिलं होऊन तोच कोन ५० अंशांवर गेला तर ६२ मैल. ताशी ५ मैलांच्या वेगाने तासाभराहून जास्त वेळ. आणि वेग तेवढाच राहतो असं धरून हा हिशोब आहे; तो राहत नाही. त्यात वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा (ताशी १० सागरी मैलांचा) वारा १४ नॉटवर गेला की शिडावरचा भार दुप्पट होतो, आणि पोट सुटलेल्या शिडाची बोट तिथेच लोळायला लागते.

आकार बिघडतो कसा हे कापडात बघायला हवं. विणलेल्या कापडात ताणा आणि बाणा असतो. या दोन दिशांना कापड फारसं ताणत नाही. पण कोपऱ्याकोपऱ्याने ओढलं, ज्याला शिंपी उरेब म्हणतो त्या दिशेने, तर ते सहज लांबतं. शिडावरचा ताण तर तिन्ही कोपऱ्यांतून सगळ्याच दिशांना पसरतो. त्यामुळे शिडाचं कापड अतिशय घट्ट विणावं लागतं, उष्णतेने आकसवावं लागतं आणि वर रेझिन चढवून धागे एकमेकांना धरून ठेवावे लागतात. शीड वाऱ्यात फडफडत राहिलं की हे रेझिन तडकतं, धागे एकमेकांवरून सरकू लागतात, आणि एकदा सरकलेले धागे परत जागेवर येत नाहीत.

इथे एक सावधगिरी. नमुन्याचा तुकडा हाताला कडक, कागदासारखा करकरीत लागला म्हणजे कापड भारी, असं समजू नका. स्वस्त कापड सैल विणून त्यावर भरपूर रेझिन थापलेलं असू शकतं. पहिल्या मोसमात ते सुंदर उभं राहतं, दुसऱ्यात चादर होतं. नमुना मागवा, मुठीत घट्ट चुरगळा, उलगडा, पुन्हा चुरगळा, असं दहा-वीस वेळा. मग उरेबात ओढून पाहा. आधी आणि नंतर जितका फरक पडेल, तितका भरवसा रेझिनवर आहे आणि विणीवर नाही, हे उघड होतं.

कापडाचे मुख्य प्रकार दोन. एक विणलेलं पॉलिएस्टर, ज्याला ड्युपाँट कंपनीच्या व्यापारी नावाने सगळे डॅक्रॉन म्हणतात. १९५०च्या दशकात त्याने सुती शिडं हटवली आणि आजही सफरीच्या बोटींवर तेच जास्त दिसतं. दुसरं लॅमिनेट: पॉलिएस्टरची पातळ फिल्म आणि तिच्यात चिकटवलेले ॲरामिड, कार्बन किंवा डायनीमाचे धागे. लॅमिनेट हलकं असतं, ताणत नाही, आकार पक्का धरतं. पण जातं तेव्हा एकदम जातं. थर सुटतात आणि त्यावर उपाय नाही. ॲरामिडला ऊन सोसत नाही आणि सतत दुमडणंही सोसत नाही. कार्बनला उन्हाचं काही वाटत नाही, पण तो ठिसूळ. डायनीमा ऊन आणि दुमडणं दोन्ही सोसतो, मात्र सततच्या ताणाखाली हळूहळू लांबत राहतो. शिवाय आपल्या दमट हवेत लॅमिनेटच्या थरांमध्ये बुरशीचे काळे ठिपके धरतात. ते आतल्या थरात असल्यामुळे धुऊन निघत नाहीत.

मुंबई बंदरात किंवा गोव्यात बोट महिनोन्‌महिने उघड्यावर नांगरलेली असते. अशा बोटीवर मी लॅमिनेट चढवणार नाही, शर्यतींचं वेड असेल तरच गोष्ट वेगळी. चांगल्या प्रतीचं, घट्ट विणीचं डॅक्रॉन घ्यावं. ते कमी दर्जाचं असतं अशी समजूत असेल तर गोल्डन ग्लोब शर्यतीकडे बघा. न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची ही शर्यत. तिच्या नियमांत लॅमिनेटला मज्जाव आहे. अभिलाष टॉमी २०२२च्या शर्यतीत दक्षिण महासागर ओलांडून दुसरे आले ते डॅक्रॉनच्याच शिडांवर. डॅक्रॉनचा आणखी एक गुण असा की ते भर समुद्रात सुई-दोऱ्याने शिवता येतं. पैसे जास्त असतील आणि लांबच्या सफरी करायच्या असतील तर पॉलिएस्टरच्या विणीत डायनीमाचे धागे घातलेलं हायड्रानेट नावाचं कापड आहे. महाग, पण टिकाऊ.

कापडाचं वजन सेलमेकर, म्हणजे शिडं शिवणारे कारागीर, औंसांत सांगतात, आणि त्यांचा वार ३६ बाय २८.५ इंचांचा असतो. त्यांचा १ औंस म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ४३ ग्रॅम. ३० फुटी बोटीच्या मेनसेलला साधारण साडेसहा ते सात औंस, म्हणजे २८० ते ३०० ग्रॅमचं कापड लागतं. जास्त जाड म्हणजे जास्त मजबूत हा मोह टाळा. आपल्याकडे सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद असतो, आणि जड कापड अशा वाऱ्यात आकारच घेत नाही.

आता कापाकडे येऊ. डॅक्रॉनच्या शिडासाठी आडवा काप, म्हणजे क्रॉसकट, पुरेसा आहे. यात पट्टे आडवे लावतात, जेणेकरून बाण्याचे धागे शिडाच्या मागच्या कडेला समांतर येतात. दोर ओढून बूम खाली खेचला की सगळ्यात जास्त ताण या मागच्या कडेवर येतो, आणि क्रॉसकटसाठी विणलेल्या कापडात बाण्याचे धागेच जाड आणि सरळ ठेवलेले असतात. पट्टे कोपऱ्यांतून किरणांसारखे पसरणारा रेडियल काप दिसायला देखणा असतो, ताणही नीट वाहतो, पण त्याला ताण्याच्या दिशेने मजबूत विणलेलं वेगळं कापड लागतं, शिवणी जास्त आणि पैसेही जास्त. साध्या क्रॉसकट डॅक्रॉनचा रेडियल काप करून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

सपाट कापडातून गोलाई येते कुठून? ब्लाउजला टक्स घालतात तसंच. दोन पट्ट्यांच्या कडा सरळ न कापता किंचित वक्र कापतात आणि मग जोडतात, त्यामुळे शिवणीपाशी पोट तयार होतं. दुसरी युक्ती पुढच्या कडेला असते. ती कड सरळ न ठेवता बाहेरच्या बाजूला थोडी फुगीर कापतात. शीड सरळ डोलकाठीवर चढवलं की हे जास्तीचं कापड मागे शिडात शिरतं आणि गोलाई वाढते.

इथेच सगळा घोटाळा होतो. तुमची डोलकाठी सरळ आहे का? बहुतेक डोलकाठ्या त्यांना धरणाऱ्या तारा ताणल्यावर मधोमध पुढे वाकतात. हा बाक ५ सेंटिमीटर आहे की १०, हे सेलमेकरला कळलं नाही, तर तो अंदाजाने कापणार. बाक जास्त निघाला तर सगळं कापड तो खाऊन टाकतो, शीड सपाट होतं आणि मागच्या खालच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेच्या मध्यापर्यंत तिरप्या सुरकुत्या पडतात. बाक कमी निघाला तर नव्या शिडाचं पोट जुन्याइतकंच सुटतं. पुढच्या शिडाचंही तसंच: ज्या तारेवर ते चढतं ती वाऱ्याने झोळ खाते, आणि झोळ खाल्ला की शीड फुगतं. चांगला सेलमेकर हे दोन आकडे मागतो. न मागणाऱ्याला काम देऊ नये, भाव कितीही चांगला असो. डोलकाठीचा बाक मोजायला मेनचा हॅलियार्ड, म्हणजे शीड वर ओढायचा दोर, खालच्या टोकाशी डोलकाठीच्या मागच्या अंगाला घट्ट ताणून धरा आणि मधोमध दोर आणि डोलकाठी यांच्यातलं अंतर मोजा. बोट स्थिर आणि तारा नेहमीच्या ताणावर हव्यात.

बाकीची मापं घेताना चार अक्षरं कानावर येतील. पी म्हणजे मेनसेल डोलकाठीवर किती उंच चढतं, ई म्हणजे बूमवर किती मागे जातं, आय म्हणजे पुढच्या त्रिकोणाची उंची आणि जे म्हणजे त्या त्रिकोणाचा पाया: डोलकाठीपासून पुढची तार डेकला मिळते तिथपर्यंत. ही मापं बोटीच्या मॉडेलवरून इंटरनेटवर मिळतात आणि अंदाजे भाव विचारायला तेवढ्याने भागतं. शीड मात्र त्यावर शिवू नये. तीस-चाळीस वर्षांच्या बोटीची डोलकाठी कधी बदलली, बूम कधी कापला, कोणाला आठवत नसतं.

उदाहरण घेऊ. आय १२ मीटर आणि जे ३.६ मीटर असलेल्या बोटीला १३५ टक्क्यांचा जेनोआ, म्हणजे डोलकाठीच्या मागे जाणारं मोठं पुढचं शीड, हवा आहे. १३५ टक्के म्हणजे मागच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेवर टाकलेला लंब ३.६ च्या १.३५ पट, ४.८६ मीटर. पुढची कड फर्लरचं, म्हणजे शीड गुंडाळायच्या यंत्राचं, सामान वजा जाता १२ मीटर धरली तर क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस मीटर. जे मोजताना १५ सेंटिमीटर चुकलात तर लंब २० सेंटिमीटरने चुकतो, आणि शीट, म्हणजे शिडाचा मागचा कोपरा खेचणारा दोर, ओढायची जागा डेकवरच्या रुळाच्या बाहेर जाऊ शकते. मग ते नवंकोरं शीड कधीच नीट बसत नाही.

मापायला स्टीलची किंवा फायबरची न ताणणारी टेप घ्या. टेपचं टोक हॅलियार्डच्या शॅकलला, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीला, बांधा, सुटू नये म्हणून शॅकलला खाली ओढायची वेगळी दोरीही लावा, आणि वर चढवा. मेनचा खालचा पुढचा कोपरा ज्या पिनेत अडकतो ती पिन डोलकाठीपासून किती मागे आणि बूमच्या किती वर आहे, हे विसरलं जातं. ते मिलिमीटरपर्यंत लिहा. मागची तार बूमच्या टोकापासून किती दूर, उन्हासाठी लावलेला छताचा कपडा किती उंच, स्लाइड (शीड डोलकाठीवर सरकवणारे तुकडे) किती रुंद, फर्लरच्या खाचेत शिडाच्या कडेची ५ नंबरची टेप जाते की ६ नंबरची, प्रत्येकाचा फोटो मोजायच्या टेपसकट पाठवा. जुनं शीड नमुना म्हणून पाठवून "असंच शिवा" म्हणू नका. ते एका दिशेने ताणलंय, दोरी असलेल्या कडेला आकसलंय, आणि ही दोन्ही दुखणी नव्या शिडात उतरतील. स्लाइड कशा लावल्यात हे दाखवायला त्याचे फोटो पुरे.

बारीक गोष्टींत सगळ्यात आधी ऊन. आपल्याकडे वाऱ्यापेक्षा ऊन शिडाला लवकर खातं, आणि पहिला जातो तो दोरा. कापड शाबूत असतं, पण शिवणीवर नखाने खरवडलं तर दोरा भुगा होऊन निघतो. म्हणून तीन टाक्यांची झिगझॅग शिवण मागा. गुंडाळून ठेवायच्या जेनोआच्या मागच्या आणि खालच्या कडेला ॲक्रिलिक कापडाची उन्हाची पट्टी हवीच, आणि ती पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) दोऱ्याने शिवून घ्या. हा दोरा उन्हाने मरत नाही. पट्टी डाव्या अंगाला की उजव्या, हे तुमचा फर्लर कुठल्या बाजूने गुंडाळतो त्यावर ठरतं. आधी सांगितलं नाही तर पट्टी आत जाते आणि शीड बाहेर.

रीफ, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीड लहान करायची सोय, मेनला दोन पुरेत, पण दोन्ही खोल घ्या. मे अखेरीस ढग भरून येतात तेव्हा उथळ पहिला रीफ घेऊन काही साधत नाही. बॅटन, म्हणजे शिडात आडव्या घालायच्या ताठ पट्ट्या, यांपैकी वरच्या दोन पूर्ण रुंदीच्या आणि खालच्या आखूड, ही रचना मला सगळ्यात योग्य वाटते: फडफड कमी होते आणि डोलकाठीवर भार फार येत नाही. जेनोआच्या पुढच्या कडेला फोमची पट्टी घालून घ्या, म्हणजे अर्धवट गुंडाळल्यावर पोट निघून जातं.

एकाच शिडाचे पैसे असतील तर कुठलं आधी? पुढची तार डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत जात असेल, तर वाऱ्याकडे चढताना मुख्य काम जेनोआ करतो. तो आधी घ्या. तार शेंड्याच्या खालीच थांबत असेल तर मेन आधी.

मागणीची वेळ आपल्याकडे पावसाळ्यावरून ठरते. जून ते सप्टेंबर बोटी किनाऱ्यावर असतात, म्हणून शिडं ऑक्टोबरपर्यंत हातात हवीत. पण मापं मात्र एप्रिल-मेमध्येच, डोलकाठी उभी आणि तारा ताणलेल्या असताना घ्या. पावसाळ्यात डोलकाठी उतरवली की मग माप कसलं घेणार? शिवून मिळायला दीड-दोन महिने आणि वर वाहतूक-कस्टम्सचा वेळ धरा. मोठे ब्रँड बरीच शिडं श्रीलंका, थायलंड, चीन इथे शिवून घेतात. श्रीलंकेत नॉर्थ सेल्सचा कारखाना आहे आणि फुकेतमध्ये रॉली टास्करचा. परदेशातून मागवताना कस्टम्सच्या कागदांवर शिडं ६३०६ या शीर्षकाखाली येतात, ताडपत्र्या आणि तंबूंच्या शेजारी. त्यातलं ६३०६ ३० हे उपशीर्षक शिडांचं आहे. बिलावर ते बरोबर लिहिलंय ना हे माल निघण्याआधी तपासा आणि ड्युटी, जीएसटी धरूनच भावांची तुलना करा. दोन भावपत्रकं शेजारी ठेवताना कापडाचं नाव, प्रत आणि वजन, रीफ किती, बॅटन कसल्या, टाके किती, उन्हाची पट्टी आणि पिशवी धरली आहे का, हे सगळं एका ओळीत आणा. स्वस्त पत्रकात यातलं काहीतरी गाळलेलं असतंच.

आणि एक अट भाव ठरवतानाच लेखी घ्या: पहिल्या काही महिन्यांत आकारात दुरुस्ती लागली तर ती कोण करणार आणि वाहतुकीचा खर्च कोणाचा. शीड आल्यावर लगेच वाऱ्यात जोरात ताणू नका. पहिल्यांदा ८ ते १० नॉटमध्ये चढवा, फडफडू देऊ नका, आणि बूमखाली बसून पुन्हा तोच फोटो काढा. डोलकाठीचा बाक त्या वेळी किती होता तेही लिहा. हे दोन्ही सेलमेकरला त्याच आठवड्यात पाठवा. मागची कड आत वळत असेल किंवा तिरप्या सुरकुत्या दिसत असतील तर एखाददुसरी शिवण उसवून, पुढची कड थोडी नव्याने कापून ते बहुतेक वेळा बरोबर करता येतं. पण दोन मोसम वापरून मग तक्रार केली, तर चूक कापातली की ताणातली हे कोणालाच सांगता येणार नाही.